दहा मिनिटांची खोली

चष्मेवाल्यांची बायको एकटीच आली, आणि तीही न बोलावता, तेव्हाच खरं तर तक्तेबाईंच्या लक्षात यायला हवं होतं. पण तक्तेबाईंच्या डोक्यात त्या दिवशी दुसरंच चालू होतं. पुढच्या आठवड्यात तीनशे आर्थिक सल्लागारांपुढे त्यांचं भाषण होतं. भाषणाच्या शेवटी या बाईंना स्टेजवर बोलवायचं आणि ‘सगळी ध्येयं पूर्ण झालेलं कुटुंब’ म्हणून त्यांच्या तोंडून चार शब्द काढून घ्यायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तसा फोनही झाला होता. कुटुंबातला कर्ता माणूस चार महिन्यांपूर्वी गेला होता, पण त्याने काही बिघडत नव्हतं. उलट रंगत वाढत होती. मृत्युपत्र तयार, वारस ठरलेला, भांडण नाही, कोर्टाची पायरी नाही. ‘माणूस गेला तरी तक्ता शिल्लक राहतो’ असं एक वाक्य त्यांनी लिहून ठेवलं होतं आणि स्वतःवरच खूश झाल्या होत्या.

तक्तेबाई हे नाव त्यांना क्लायंट लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. मुलांचं शिक्षण, घर, आजारपण, म्हातारपण आणि आपल्यामागे कोणाला काय, एवढा सगळा संसार त्या एका पानाच्या तक्त्यात बसवून देत. पद्धत त्यांची स्वतःची होती. नवरा-बायको आले की नवऱ्याला केबिनमध्ये बसवायचं आणि बायकोला शेजारच्या छोट्या खोलीत. दोघांच्या हातात एकेक पिवळं कार्ड. वेळ दहा मिनिटं. ‘मनात आहे ते लिहा. एकमेकांना दाखवणार नाही, शब्द देते.’ दहा मिनिटं झाली की दारावर दोनदा टकटक, कार्डं परत घ्यायची, आणि पुढच्या आठवड्यात दोघांचा मिळून एक तक्ता. खाली दोघांच्या सह्या.

छोटी खोली म्हणजे मूळची न्हाणी. ऑफिसला जागा घेतली तेव्हा नळ काढून तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि फायलींचं बिनदाराचं लोखंडी कपाट बसवलं होतं. उंचावर धुरकट काचेची खिडकी. दाराला आतून कडी होती, ती तशीच राहून गेली. आत गेलेल्या बायकांपैकी बहुतेक जणी ती लावून घेत. का लावून घेत, हे विचारायचं तक्तेबाईंना कधी सुचलं नाही.

पद्धत चांगली होती, त्यात वाद नाही. अडचण एवढीच, की कार्डं दोन असली तरी फी देणारा हात एकच असायचा, आणि तो कोणाचा हे वेगळं सांगायला नको.

एकोणीस वर्षांपूर्वी चष्मेवाले पहिल्यांदा आले तेव्हा तक्तेबाईंचं नाव अजून व्हायचं होतं. चष्मेवाल्यांचं दुकान चौकातलं, चांगलं चालणारं. माणूस गडगडून हसणारा, हाताचा मोकळा, व्यापारी संघाचा चिटणीस. ‘काम आवडलं तर अख्खा बाजार तुमच्या दारात उभा करतो,’ असं त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगितलं. बरोबर वहिनी होत्या. सगळा बाजार त्यांना वहिनीच म्हणायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन होतं आणि सकाळी नऊपासून दुकान बंद होईपर्यंत त्या मशीनवर वहिनी असत. पुढे फ्रेमी दाखवायचे, गप्पा मारायचे आणि पैसे घ्यायचे ते चष्मेवाले. मागे प्रत्येकाच्या नंबराची काच घासून फ्रेममध्ये बसवायच्या त्या वहिनी. त्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांच्यामुळे नीट दिसत होतं, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी त्यांना पाहिलं होतं.

चष्मेवाल्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजू भरून टाकल्या. दुकान वाढवायचं, मुलाला परदेशात शिकवायचं, राहत्या घरावर मजला चढवायचा, मोठी गाडी, संघाचं अध्यक्षपद. अध्यक्षपद तक्त्यात बसत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. वहिनींच्या कार्डावर एकच ओळ होती. ‘एक खोली. माझ्या नावावर. किल्ली फक्त माझ्याजवळ.’

ती ओळ तक्तेबाईंना आठवडाभर सतावत राहिली. ही तक्त्यात घातली तर चष्मेवाले विचारणार, ही खोली कशाला? घर सोडून जायचंय का? कोणी काही बोललं का? भडका उडणार, आणि त्या भडक्यात अख्खा बाजार हातचा जाणार. बरं, न घालावी तर आपण शब्द दिलेला. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात त्या पहिल्यापासून पटाईत. चष्मेवाल्यांच्या ‘वरचा मजला’ या ध्येयापुढे त्यांनी दोन शब्द जोडले. ‘वरचा मजला, प्रशस्त खोल्यांसह.’

तक्ता वाचून दाखवताना त्या ओळीपाशी वहिनींनी मान वर केली. तक्तेबाईंनी कागदावरची नजर हलवली नाही.

‘बरोबर आहे ना, वहिनी?’

‘तुम्ही वाचलंय म्हणजे बरोबरच असेल,’ वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

तक्तेबाईंचा जीव भांड्यात पडला. चष्मेवाले शब्दाला जागले, अख्खा बाजार खरोखर दारात उभा राहिला. शिवाय तक्तेबाईंना तेव्हापासून चष्मा फुकट.

पुढे दर वर्षी आढावा व्हायचा. तक्ता मोठ्याने वाचायचा, झालेल्या ध्येयापुढे बरोबरची खूण करायची, सह्या घ्यायच्या. तिसऱ्या वर्षी वरचा मजला झाला. प्रशस्त खोल्या तीन निघाल्या. एकीत मुलगा, एकीत त्याचं सामान, एकीत संघाच्या बैठका. तक्तेबाईंनी बरोबरची खूण केली. वहिनी ऐकून घेत, सही करत, आणि निघताना छोट्या खोलीच्या उघड्या दारातून आतल्या कपाटाकडे एकदा बघत. तक्तेबाईंना वाटायचं, बाईंना टापटीप आवडते.

सहा वर्षांपूर्वी मृत्युपत्राचा विषय निघाला. त्या दिवशी चष्मेवाले एकटेच आले होते. घर मुलाला, दुकान मुलाला, बँकेतलं सगळं मुलाला. ‘म्हणजे मागे कटकट नको,’ ते म्हणाले.

‘आणि वहिनींच्या नावावर?’ तक्तेबाईंनी विचारलं. त्यांनी विचारलं होतं, हे त्यांना पुढे स्वतःची समजूत घालायला फार उपयोगी पडलं.

‘तिच्या नावावर कशाला? ती कुठे जाणार आहे?’ चष्मेवाले गडगडून हसले. ‘पोरगा काय आईला रस्त्यावर काढणार आहे?’

तेव्हा तक्तेबाईंना ते पिवळं कार्ड आठवलं, आणि त्यांनी आपणहून एक कलम सुचवलं. पत्नीला ती हयात असेपर्यंत माझ्या मालकीच्या जागेत एक खोली वापरता येईल. चष्मेवाल्यांची हरकत नव्हती. वकिलांनी मात्र विचारलं, कोणती खोली? एखादी ठरावीक खोली लिहिली तर उद्या मुलाला जागा विकताना अडचण येईल. त्यावर तोडही तक्तेबाईंनीच काढली. ‘खोली मुलाने ठरवावी.’ कागद स्वच्छ झाला. वकिलांनी तोंड भरून कौतुक केलं. तक्तेबाई त्या दिवशी हलक्या मनाने घरी गेल्या. बाईंनी एक खोली मागितली होती, आपण एक खोली मिळवून दिली, फिटलं. नाव आणि किल्ली तेवढी हिशेबात धरायची त्या विसरल्या. विसरल्या असं म्हणणं हाही त्यांच्यावर उपकारच आहे.

तर अशा त्या वहिनी आता समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. चार महिन्यांत खांदे उतरले होते, पण हात तसेच होते, काचेच्या भुकटीने कायमचे खरखरीत झालेले.

‘चहा सांगू, वहिनी?’

‘नको, ताई.’ वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होत्या. चेहऱ्याकडे म्हणजे चष्म्याकडे. ‘नाकावरून घसरतोय तुमचा. द्या इकडे.’

त्यांनी पर्समधून बोटभर पेचकस काढला आणि चष्मा उलटा धरून काडीचा स्क्रू आवळायला लागल्या. चष्म्याशिवाय तक्तेबाईंना समोर नुसता एक आकार दिसत होता.

‘भाषणाचं विचारायला आलात ना? अहो, दोन वाक्यं बोलायची फक्त. आमची सगळी ध्येयं पूर्ण झाली, एवढं म्हणालात तरी पुरे.’

‘त्यासाठीच आले. चार लोकांत बोलायचं म्हणजे, कोणती ध्येयं ते एकदा बघून घ्यावं म्हटलं. माझं कार्ड दाखवता?’

‘कार्ड कशाला? तक्ता आहे ना. तक्त्यात सगळं आलंय.’

‘तक्ता ह्यांचा आहे. मला माझं कार्ड बघायचंय.’

‘जुनी कार्डं आम्ही ठेवत नाही हो,’ तक्तेबाई म्हणाल्या. ‘दहा वर्षांनी फाडून टाकतो. नियमच आहे तसा.’ असा काही नियम नव्हता. तो त्याच क्षणी जन्माला आला होता.

‘आमच्या फायलीतून पिवळी कड बाहेर आलेली आहे, ताई. खालून तिसरा कप्पा. मी दर वर्षी जाताना बघते.’ वहिनींच्या आवाजात राग नव्हता. स्क्रू फिरतच होता. ‘लांबचं मला अजून चांगलं दिसतं.’

वेळ मारून न्यायची म्हणून तक्तेबाईंनी विचारलं, ‘घरी सगळं ठीक ना? खोलीचं वगैरे?’

‘ठीक आहे. खोली ठरवली त्याने. दुकानामागची.’

‘मशीनची?’

‘हो, तीच. मशीन तिथंच आहे. नवीन माणूस ठेवलाय, तो नऊला येतो. तोवर मी अंथरूण गुंडाळून खाट भिंतीला उभी करून ठेवते. किल्ली त्या माणसाकडे असते. दुकान त्याला उघडायचं असतं ना. दिवसभर मी पुढे बाकावर बसते. रविवारी मात्र निवांत असतं.’

‘आणि वरचा मजला?’

‘भाड्याने दिलाय.’

‘हे काही बरोबर नाही. मी बोलते त्याच्याशी. आजच बोलते.’

‘काय बोलणार, ताई?’ वहिनींनी चष्मा उजेडात धरून पाहिला. ‘त्याने कागदच पुढे ठेवला माझ्या. आई, बाबांनी लिहिलंय तसंच करतोय म्हणाला. आणि तसंच आहे ते. खोली मुलाने ठरवावी. एवढं स्वच्छ लिहिलंय, की मला आपलं एका वाचनात कळलं. ज्याने कोणी लिहिलं असेल, चांगलं लिहिलंय.’

तक्तेबाई उठल्या. शरमेने उठल्या की कार्ड दिलं तर प्रकरण मिटेल या आशेने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. छोट्या खोलीत जाऊन त्यांनी तिसऱ्या कप्प्यातली फाईल ओढली. पिवळी कड खरंच बाहेर आलेली होती. चष्मा नसल्यामुळे त्यांना अक्षरं दिसली नाहीत, पण ती वाचायची गरजही नव्हती.

वहिनींनी कार्ड दोन्ही हातांनी धरलं. एका ओळीला किती वेळ लागतो? त्यांना पुष्कळ लागला.

‘लिहिलं होतं,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनी, त्या वेळी परिस्थिती अशी होती की—’

‘मी लिहिलं होतं, ताई.’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. ‘मला वाटायचं, मी लिहिलंच नाही. तुम्ही तक्ता वाचलात, त्यात माझी खोली कुठंच नव्हती. मला वाटलं, आयत्या वेळी माझा हात भ्याला. मुलाचं सुख, ह्यांची तब्येत, असलं काहीतरी भलतंच लिहून दिलं असेल मी. तुम्ही कशाला खोटं वाचाल? तुम्ही तर शब्द दिला होता. एकोणीस वर्षं दर वर्षी सही करताना मनात म्हणायचे, तू भित्री ती भित्रीच. बाईने दहा मिनिटं दिली होती तुला, आतून कडी लावू दिली होती, तेवढ्यातही तुझ्याच्याने झालं नाही. मग पुन्हा मागायचं धाडसच झालं नाही. ज्या बाईला कागदावर लिहायला जमलं नाही, ती नवऱ्याला तोंडाने काय सांगणार?’

तक्तेबाईंना पुढ्यातला आकार हलताना दिसत होता. रडतोय की काय, ते कळत नव्हतं.

‘माझं चुकलं, वहिनी,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या आयुष्यात फार कमी वेळा बोलल्या होत्या, त्यामुळे ते त्यांना नीट जमलं नाही. लगेच पुढे धंद्याची सवय बोलायला लागली. ‘अजूनही वेळ गेलेली नाही. आपण नवीन तक्ता करू. फक्त तुमचा. वकिलांशी मी बोलते. फी एक पैसाही नको मला.’

वहिनींनी कार्ड पर्समध्ये ठेवलं, चेन लावली आणि चष्मा पुढे केला. ‘घाला. आता नाही घसरणार.’

चष्मा चढवल्यावर तक्तेबाईंना दिसलं, की वहिनी रडत नव्हत्या. त्या छोट्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या.

‘नवीन कार्ड द्या मग,’ वहिनी म्हणाल्या.

तक्तेबाईंनी धावपळ करून कोरं कार्ड दिलं, पेन दिलं. वहिनी दारात थांबल्या. ‘दहा मिनिटांनी दार वाजवू नका, ताई. जरा बसते.’

‘बसा की! हवा तेवढा वेळ बसा,’ तक्तेबाई अगदी मनापासून म्हणाल्या. ‘तुमचीच खोली समजा.’

दार लागलं. कडी एकदा निसटली, मग लागल्याचा आवाज आला.

तक्तेबाई केबिनमध्ये येऊन बसल्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. ही बाई आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसाठी राबली आणि आता दिवसभर बाकावर बसते, आणि त्यात आपला हात आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आपण मुलाला भेटायचं, गरज पडली तर पदरचे पैसे घालून बाईंना एक खोली घेऊन द्यायची, असंही त्यांनी ठरवलं. पाच मिनिटं गेली. मग पुढ्यातल्या भाषणाच्या कागदाकडे त्यांची नजर गेली, आणि त्यांच्या मनात आलं, की हे भाषणात का सांगू नये? स्वतःची चूक कबूल करणारी सल्लागार. नावगाव न सांगता, अर्थात. तीनशे लोक थक्क होतील. त्यांनी पेन उचललं आणि ‘माझ्या हातून एकदा’ अशी सुरुवात केली. सुरुवात छान जमली. दुसरं पान लागलं.

बेल वाजली तेव्हा साडेअकरा झाले होते. दारात दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको उभी होती. नवीन क्लायंट, दोन दवाखाने, आजची वेळ महिन्यापूर्वी ठरलेली. तक्तेबाई साफ विसरून गेल्या होत्या.

‘आम्हाला एकला दवाखाना उघडायचाय,’ डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. ‘तुमच्या त्या कार्डांबद्दल फार ऐकलंय. लगेच सुरू करू या?’

छोटं दार बंद होतं. आतून काहीच आवाज नव्हता, पेनाचासुद्धा. वहिनींना आत जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. आता डॉक्टरीणबाईंना केबिन देऊन डॉक्टरांना बाहेरच्या बाकावर बसवता आलं असतं. अर्धा तास थांबा असं म्हणता आलं असतं. तक्तेबाईंना स्वतःला जिन्यात जाऊन उभं राहता आलं असतं. हे सगळं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण दोन दवाखान्यांच्या मालकाला बाकावर बसवणं बरं दिसलं नसतं. आणि वहिनी काय, घरच्याच होत्या.

तक्तेबाईंनी दारावर दोनदा टकटक केलं.

‘वहिनी, झालं का हो? जरा माणसं आलीत.’

आत खुर्ची सरकली आणि कडी निघाली. वहिनी बाहेर आल्या. चेहरा शांत होता, झोपेतून उठवलेल्या माणसाचा असतो तसा. त्यांनी कार्ड आणि पेन परत केलं.

‘झालं?’ तक्तेबाईंनी हळूच विचारलं. ‘मी फोन करते. आजच करते.’

‘झालं,’ वहिनी म्हणाल्या. जाता जाता त्या डॉक्टरीणबाईंजवळ थांबल्या. ‘आतली कडी जरा वर उचलून लावा हं. नाहीतर निसटते.’

त्या जिना उतरून गेल्या. तक्तेबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ बघितलं. कार्डांचा गठ्ठा आत कपाटात होता, आणि हातातलं कार्ड चांगलं होतं, साधी चुरगळही पडलेली नव्हती. तक्तेबाईंनी तेच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं.

‘मनात आहे ते लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘एकमेकांना दाखवणार नाही, शब्द देते.’

दार लागलं. आतून कडी वर उचलून लावल्याचा आवाज आला. तक्तेबाईंनी घड्याळात दहा मिनिटं लावली.